लांब पल्ल्याचं विमान: अंगावर काय, पायाशी काय, वरच्या कप्प्यात काय

मोजपट्टी

दहा-बारा तासांच्या विमानप्रवासाला काय घालावं असं विचारलं की 'सैलसर घाला' एवढंच उत्तर येतं. नेमकं कुठे सैल, ते कुणी सांगत नाही. जाणकारांनी भर घालावी म्हणून धागा काढतेय.

सुरुवात दाबापासून. विमान ३५-४० हजार फुटांवर असलं तरी केबिनमध्ये साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा हवेचा दाब ठेवतात. ८ हजार ही नेहमीच्या उड्डाणातली नियमाने ठरलेली मर्यादा. तिथे दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपट असतो, त्यामुळे बंद जागेतली हवा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते. आतड्यातली हवाही याला अपवाद नाही. जमिनीवर बरोबर बसणारी कंबर तीन तासांनी काचायला लागते ती यामुळे. त्यात पाय खाली सोडून बसल्याने घोट्याशी पाणी उतरतं. म्हणजे सैलपणा लागतो तो तीन ठिकाणी: कमरेला, गुडघ्याच्या मागे आणि घोट्याला. बाकी कपडा अंगासरशी असला तरी बिघडत नाही, उलट फार घोळदार पायघोळ हातांच्या टेकूत आणि शेजाऱ्याच्या पट्ट्यात अडकते.

कपडा पारखायचा तर संध्याकाळी, जेवण झाल्यावर, कडक खुर्चीत वीस मिनिटं बसा. कमरेत चार बोटं सहज सरकली पाहिजेत. गुडघ्याच्या मागे हात घालून बघा. जीन्स असेल तर तिथे कापडाची जाड वळी जमलेली लागेल, आणि ती बरोबर शिरेवर दाबते. शिवाय मागच्या खिशांची दुहेरी शिवण आणि धातूची बटणं बसल्या जागी रुततात. रुंद इलॅस्टिक आणि वर नाडी असलेली, विणीच्या सुती कापडाची पँट उत्तम. नाडी महत्त्वाची, कारण इलॅस्टिकचा ताण बदलता येत नाही, नाडी सोडता येते. तळाला घट्ट रिब असलेल्या ट्रॅक पँट टाळा. संध्याकाळी घोट्याभोवती वळ उठतो तो त्याच रिबचा.

वरचे कपडे थरांचे. विमान जमिनीवर उभं असताना आत उकडतं, मधल्या तासांत खिडकीकडची भिंत आणि दाराजवळची जागा गारठते. आत पातळ टी-शर्ट, त्यावर पुढून उघडणारं काहीतरी, चेनचं किंवा बटणांचं. डोक्यातून काढायचा स्वेटर अरुंद सीटवर काढताना कोपर शेजाऱ्याच्या तोंडाशी जातं, म्हणून लोक तो काढतच नाहीत आणि घामेजून बसतात. तिसरा थर म्हणजे साधारण दोन मीटर लांब शाल किंवा स्टोल. पांघरायला, घडी करून कमरेमागे ठेवायला, गुंडाळून उशाला, सगळ्याला एकच वस्तू. पातळ मेरिनो लोकर मिळाली तर फारच छान: ती वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही आणि सुती कपड्याइतका वास धरत नाही.

सुतीधागा

अनुमोदन. कापडाबद्दल एक भर. पॉलिएस्टर, नायलॉन हे उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. सुती आणि लोकरी कापड तसं चिकटत नाही. आणीबाणीत बाहेर पडताना अंगभर सुती कपडे आणि पायात बंद बूट असलेले बरे. अपघातांचा मोठा वाटा उड्डाणाच्या पहिल्या आणि शेवटच्या काही मिनिटांत येतो, म्हणून त्या दोन्ही वेळी बूट पायातच ठेवावेत. उंच टाचांनी आणीबाणीची रबरी घसरगुंडी फाटू शकते, त्यामुळे ते बूट बाहेर पडताना काढून टाकायला लावतात.

कडेचीखुर्ची

शाल पांघरून झोपणार असाल तर सीटचा पट्टा शालीच्या वरून लावा. पट्ट्याचा दिवा लागला की कर्मचारी अंधारात प्रत्येकाचा पट्टा बघत जातात. तो दिसला नाही तर उठवावंच लागतं.

पोटरी

मोजपट्टी, घोट्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. पोटरी आवळून धरणाऱ्या दाबाच्या मोज्यांबद्दल (कम्प्रेशन स्टॉकिंग्ज) नीट लिहितो, कारण हे मोजे चुकीचे घातले तर फायद्याऐवजी नुकसान होतं.

पोटरीचे स्नायू हलले की ते शिरांमधलं रक्त वर ढकलतात. तासन्‌तास बसल्यावर हा पंप बंद पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालाप्रमाणे चार तासांहून जास्त प्रवासानंतर शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका मात्र लहान आहे, त्याच अहवालात ६ हजारांत १ असा आकडा आहे. त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण आधी गाठ झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, गर्भारपण किंवा बाळंतपणानंतरचे आठवडे असतील, कर्करोगाचे उपचार किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तिकीट काढतानाच डॉक्टरांना विचारा. मनाने ॲस्पिरिन घेऊ नका.

मोजे गुडघ्याखालपर्यंतचे हवेत. पाकिटावर दाब लिहिलेला असतो, प्रवासासाठी घोट्याशी १५ ते ३० एमएमएचजी (पाऱ्याचे मिलिमीटर, रक्तदाब मोजतात तेच एकक) या टप्प्यातले सांगतात. स्वतःहून घेणार असाल तर १५-२० पुरे. बुटाच्या नंबरावरून घेऊ नका. सकाळी उठल्याउठल्या, पाय सुजायच्या आत, टेपने तीन मापं घ्या: घोट्याच्या हाडाच्या वरचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची. पाकिटावरच्या तक्त्यात घोट्याचं माप आधी जुळवा.

घालायचे घरूनच. अंगठ्या काढा, मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल सरकवून टाच टाचेच्या जागी बसवा, मग उरलेला भाग तळव्याने घासत वर न्या. वरची कड धरून ओढायचं नाही. कड गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं थांबली पाहिजे. मोजा लांब झाला म्हणून कड खाली दुमडली की दाब दुप्पट होतो आणि वरून दोरी बांधल्यासारखं रक्त अडतं. नेहमीची चूक हीच. मधल्या एखाद्या तासाला बोट फिरवून कड गुंडाळली गेली नाही ना, ते बघा.

पायाच्या रोहिण्यांचा (धमन्यांचा) आजार असेल, मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल, किंवा जखम असेल तर हे मोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. आणि उतरल्यावर एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक धाप लागणं असं काही झालं तर वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

निळीदोरी

पोटरी, मोजे घातले की मध्ये उठून फिरायची गरज नाही का? आतल्या सीटवर असलं की दर तासाला शेजाऱ्याला उठवणं नको वाटतं.

पोटरी

मोजे हलण्याची जागा घेत नाहीत. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला, दर तासाला वीस-तीस वेळा. दोन-तीन तासांनी एकदा उठा. पण यासाठी पुढे पाय पसरायला जागा लागते, आणि ती जागा आपणच आपल्या बॅगेने खातो. सीटखाली ठासून भरलेली बॅग सरकवली की पाय नव्वद अंशांत अडकले, ते थेट उतरेपर्यंत. कपडे कितीही सैल असोत, मग उपयोग नाही.

मोजपट्टी

अगदी. म्हणूनच हातातल्या सामानाचे दोन भाग करायचे. एक छोटी पिशवी, साधारण १५ बाय २० सेंटिमीटरची, प्रवासभर जवळ राहील अशी. दुसरी मोठी बॅग थेट वरच्या कप्प्यात. वर ठेवलेलं पट्टा सोडेपर्यंत मिळणार नाही असंच धरून चाला, आणि शेजारी झोपला असेल तर तेव्हाही नाही. त्या छोट्या पिशवीत काय असावं हे ठरवायची सोपी रीत आहे: बसल्यावर पहिल्या दोन तासांत आणि झोपमोड झाल्यावर अंधारात काय लागेल, तेवढंच. इयरप्लग, डोळ्यांची पट्टी, ओठांचा बाम, डोळ्यांचे थेंब, त्या वेळच्या गोळ्या, चार्जिंगची छोटी केबल, पेन, टिश्यू, दात घासायचा ब्रश. पिशवी पारदर्शक किंवा जाळीची असेल तर दिवा न लावता सापडतं. पासपोर्ट मात्र समोरच्या खिशात कधीच ठेवू नका, तो अंगावरच्या चेनच्या खिशात.

कडेचीखुर्ची

सीट कुठली आहे तेही बघून घ्या. समोर भिंत असलेली पहिली रांग किंवा आणीबाणीच्या दाराची रांग असेल तर उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी काहीच ठेवू देत नाहीत, सगळं वर जातं. तिथे खिसे असलेलं जॅकेट हाच उपाय. आणि समोर सीट नसलेल्या रांगांत टेबल आणि टीव्हीचा पडदा सहसा हाताच्या टेकूत असतात, म्हणून टेकू वर उचलता येत नाही.

थेंबभर

द्रवपदार्थांचं मी लिहिते. २००६ च्या ऑगस्टनंतर आलेला नियम अजून बहुतेक विमानतळांवर आहे: प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. अडतं ते इथे: मोजतात ती बाटलीची क्षमता, आतला माल नव्हे. २०० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये तळाला थोडीशी पेस्ट उरली असली तरी ती जाते. पेस्ट, जेल, क्रीम हे सगळे द्रवच. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे सूट मिळाली आहे, पण मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी असेल तर तिथला नियम लागतो. पहिल्या तपासणीनंतर विकत घेतलेली पाण्याची बाटली दुसऱ्या तपासणीत टाकावी लागते ती यामुळे. रिकामी बाटली न्यायची आणि शेवटच्या तपासणीनंतर भरायची.

आता गळती. बाटलीत हवा ठेवून झाकण लावलं की वर गेल्यावर ती हवा फुगते आणि द्रव बाहेर ढकलते. मऊ बाटली असेल तर द्रव तोंडाशी येईपर्यंत दाबा आणि तसंच दाबून झाकण लावा. कडक बाटली काठोकाठ भरा. तोंडावर प्लास्टिकच्या पातळ कागदाचा तुकडा ठेवून वरून झाकण फिरवलं की आट्यांतून झिरपत नाही. स्ट्रॉवाल्या सिपरची गंमत वेगळी: त्यात स्ट्रॉचं टोक पाण्यात बुडालेलं असतं आणि वरची हवा कोंडलेली. आकाशात नळी उघडली की ती हवा पाण्याला नळीतून कारंज्यासारखं वर फेकते, अंगावर आणि पुढच्या सीटवर. आधी मुख्य झाकण अर्धा आटा सैल करा, 'फस्स' आवाज होऊ द्या, मगच नळी उघडा. शाईचं पेन न्यायचं तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं, निब वर करून.

निळीदोरी

सिपरचं कारण आज कळलं, धन्यवाद! पाणी खूप प्यावं म्हणतात, विमानात शरीरातलं पाणी उडून जातं म्हणे. खरं आहे का?

थेंबभर

केबिनची हवा फार कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा १० ते २० टक्के. पण ती कोरडेपणा दाखवते तो डोळे, नाक, ओठ, कातडी इथे. शरीरातलं एकूण पाणी त्यामुळे फारसं घटत नाही. तहानेप्रमाणे, थोडं थोडं पाणी पुरतं. दर तासाला जबरदस्तीने पाणी पिऊन कोरडे डोळे ओले होत नाहीत, त्यासाठी थेंबच लागतात. एका वेळेच्या छोट्या कुप्यांत येणारे, संरक्षक द्रव्य नसलेले थेंब घ्या. काँटॅक्ट लेन्स घरीच काढा आणि चष्मा लावा, झोपणार असाल तर नक्कीच. चष्म्याचा कडक डबा छोट्या पिशवीत हवा. मांडीवर ठेवलेला चष्मा झोपेत सीटच्या फटीत जातो. नाकासाठी मिठाच्या पाण्याचा छोटा स्प्रे.

व्होल्टमीटर

पॉवर बँकेचं गणित. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते, आपल्या हाती आकडा असतो एमएएचचा. एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १०००. आतल्या सेलचा व्होल्टेज सहसा ३.७ असतो, यूएसबीचा ५ घेऊ नका. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. १०० पर्यंत साधारणपणे परवानगी न विचारता चालते, १०० ते १६० ला विमानकंपनीची मंजुरी लागते, त्यावर नाहीच. किती नग चालतात ते कंपनीगणिक बदलतं. आकडा पॉवर बँकेवर छापलेला आणि वाचता येणारा पाहिजे. घासून पुसला गेला असेल तर तपासणीत काढून घेऊ शकतात.

चेक-इन सामानात पॉवर बँक अजिबात नाही. केबिनमध्ये आग लागली तर विझवता येते, खालच्या मालाच्या भागात कुणी पोहोचू शकत नाही. यातून एक फजिती होते: वरचे कप्पे भरले म्हणून दारात तुमची केबिन बॅग घेऊन खाली पाठवतात, आणि पॉवर बँक आतच राहते. ती नेहमी सहज निघेल अशा बाहेरच्या कप्प्यात ठेवा. औषधं आणि कागदपत्रंही तिथेच, म्हणजे एका हाताने काढून घेता येतात. २०२५ पासून बऱ्याच कंपन्यांनी पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला किंवा विमानात वापरायला बंदी केली आहे. निघायच्या आदल्या दिवशी कंपनीचं पान उघडून बघा. वापरायला मुभा असेल तरी उशीखाली किंवा शालीत गुंडाळून चार्जिंग करू नका, उष्णता बाहेर जात नाही.

पोटरी

औषधांबद्दल थोडक्यात. सगळी केबिनमध्ये, पट्टीसकट, सुट्या गोळ्या डबीत नकोत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, ब्रँड दुसऱ्या देशात ओळखीचा नसतो. परतीच्या तारखेनंतर आणखी काही दिवस पुरेल इतका साठा. १०० मिलिलिटरपेक्षा मोठं पातळ औषध चिठ्ठी दाखवून नेता येतं, फक्त तपासणीला बाहेर काढून सांगावं लागतं. इन्सुलिन चेक-इन सामानात कधीही टाकू नका, तिथे गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामी. पेनला सुई लावून ठेवू नका, दाब बदलताना गळतं आणि आत बुडबुडे जातात. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दी-खोकल्याच्या औषधांवर काही देशांत निर्बंध आहेत.

सुतीधागा

मानेची उशी: बाजारातल्या बहुतेक उशा मागच्या बाजूला जाड असतात. सीटची पाठ आधीच डोक्याशी पुढे आलेली, त्यात ती जाडी डोकं आणखी पुढे ढकलते आणि हनुवटी छातीवर पडते. उशी उलटी फिरवा, उघडी बाजू मागे. हनुवटीला टेकू मिळतो. हवेची उशी असेल तर पूर्ण फुगवू नका, जमिनीवर फुगवलेली वर गेल्यावर टणक होते.

आणि उतरायच्या अर्धा तास आधीचा गजर लावा. झोपेत आपण कमी वेळा गिळतो, कानातली नळी उघडत नाही, आणि दाब वाढत असताना ती उघडणं वर जाताना असतं त्यापेक्षा अवघड असतं. जागे राहून गिळत राहा, जांभया द्या. नाक धरून फुंकायचं तर हलकेच. तान्ह्या बाळाला याच वेळी पाजावं.

जाळीची_पिशवी

पाळीच्या तारखा जवळ असोत-नसोत, दोन पॅड आणि एक निकर छोट्या पिशवीतच ठेवा, वरच्या कप्प्यात नको. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांनी विमानतळावरच रिकामा करून घ्यावा. विमानातल्या शौचालयात नळ दाबून धरावा लागतो, एका हाताने धुणं जमत नाही. वापरलेलं काहीही कमोडमध्ये टाकू नका, हवेच्या ओढीने चालणारी ती बारीक नळी तुंबते. आणि तिथे मोज्यांवर कधीच जाऊ नये, खालची ओल पाण्याचीच असेल असं नाही. बुटात पाय घालायचा कंटाळा येत असेल तर घडी होणाऱ्या पातळ चपला पिशवीत टाका.

मोजपट्टी

बूट निवडताना संध्याकाळी घालून बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. लेसचे असतील तर बसल्यावर गाठ न सोडता खालपासूनच्या तीन भोकांतली लेस ढिली करा. नुसती वरची गाठ सोडली की पायाचा वरचा भाग आवळलेलाच राहतो.

कडेचीखुर्ची

मोठ्या बॅगेत एक पूर्ण जोड हवा: टी-शर्ट, आतले कपडे, मोजे, आणि पातळ पँट. घडी करून झिपलॉक पिशवीत, हवा दाबून काढून. जेवणाचा ट्रे सांडला तरी तो लागतो, आणि चेक-इन सामान मागे राहिलं तरी. सामान उशिरा आलं तर विमानतळ सोडायच्या आधी काउंटरवर नोंद करून क्रमांक घ्या. १९९९ च्या माँट्रियल कराराखाली, बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रवासांना लागू असणाऱ्या, विमानकंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रति प्रवासी १,५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. पण लेखी तक्रारीला मुदत आहे: सामानाची मोडतोड झाली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवस, उशिरा आलं असेल तर हाती आल्यापासून २१ दिवस. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपा आणि बॅग बंद करायच्या आधी आतल्या सामानाचा एक फोटो काढून ठेवा.

निळीदोरी

शेवटचं विचारते. झोपेत फोन सीटच्या फटीत गेला तर? सीट मागे-पुढे करून काढावा का?

व्होल्टमीटर

अजिबात नाही. सीट जिथे आहे तिथेच राहू द्या, बटणाला हात लावू नका आणि कर्मचाऱ्यांना बोलवा. सीटची यंत्रणा फिरली की फोन पात्यांमध्ये चेपतो, आतली बॅटरी फुटते आणि पेट घेते. तुम्हाला उठून बाजूला व्हायला सांगतील आणि गादी काढून फोन काढतील. फोनला मनगटाची दोरी लावा, किंवा झोपण्याआधी तो जॅकेटच्या चेनच्या खिशात टाकून चेन ओढून घ्या.